बाबांचा राग कोणत्या मणक्यात?

आमच्या बाबांचं ऐका. मिनिस्ट्रीतून रिटायर झाले, पण मान कायम आखडलेली, झोप नाही, वर चिडचिड. शेवटी मी आणि आई त्यांना गुडगावच्या एका कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणके बसवणाऱ्याकडे, घेऊन गेलो.

तो म्हणाला, "देखिए, सारी नसें रीढ़ से निकलती हैं. एक मनका अटका, तो नींद, हाज़मा, मूड, सब गड़बड़."

आईने लगेच विचारलं, "अच्छा, तो इनका गुस्सा कौन से मनके में है?"

डॉक्टर हसला आणि त्याने बाबांची मान वळवली. कट्ट! बाबा नुसते छताकडे बघत राहिले.

परतीच्या मेट्रोत खिडकीतलं ऊन त्यांच्या चेहऱ्यावरून सावकाश सरकत होतं. बघता बघता त्यांचं डोकं आईच्या खांद्यावर कललं. चारचौघांत आईचा हातही न धरणारा माणूस, यार! गाडी जमिनीखाली शिरली, तरी ते गाढ झोपलेले.

हौज खास आलं. "आई, उतरायचंय."

"श्श. जाऊ दे."

आमचं स्टेशन मागे पडलं, मग पुढचीही एकेक करत गेली. मी हळूच विचारलं, "मणक्याचं खरंच असेल का गं?"

"कोण जाणे," आई डोळे मिटूनच पुटपुटली. "माझा खांदा पार बधिर झालाय. पण त्यांना उठवलंस तर बघ."