मग आत भांडतंय कोण?

...नाही, पण मला एक सांगा, विषाणू जर संपत आलाय, तर मग आत भांडतंय कोण? मी चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस, शाळा अर्धवट सोडलेली, पण डॉक्टरीणबाईंना मी हे विचारलं! विचारणार नाही तर काय? पलंगावर माझा थोरला भाऊ, नाकातोंडावर मास्क, छाती भात्यासारखी वरखाली, आणि बाई म्हणतात, "विषाणू आता फारसा उरलेला नाही." अहो, मग घरी सोडा की! तर म्हणे, "सोडू कसं? खरी तब्येत आत्ता बिघडतेय!"

आता दादा म्हणजे काय चीज आहे, तुम्हाला सांगतो. आम्ही नळकाम करतो, मी त्याच्या हाताखाली. दादाचा खाक्या एकच... संशय आला की फोड! गळती सुईच्या टोकाएवढी, दादा अख्खी भिंत उतरवणार. मालकीणबाई ओरडतात, "अहो, सापडली ना गळती? मग फरशी कशाला फोडताय?" दादा शांतपणे, "ताई, हात घातलाच आहे तर..." गळती थांबते हो! न्हाणीघर उरत नाही!

आणि बाई नेमकं तेच सांगायला लागल्या की! म्हणे, अंगातले रखवालदार विषाणू बघून बोंब ठोकतात, ती ऐकून आणखी धावतात, ते आणखी कुणाला बोलावतात, पुरे म्हणणारं कुणी नाही, चोर पळाला तरी यांची तोडफोड चालूच, आणि त्यात फुफ्फुसात पाणी झिरपतं... म्हणजे गळती बुजवायला आलेल्यांनीच गळती केली! मी म्हटलं, "बाई, मग आत भांडतंय कोण? दादाच?"

"दादाच!"

"म्हणून या रखवालदारांना आवरायचं औषध देऊ या," म्हणाल्या. झालं! आमचे मामा पिशवीभर ताकदीची औषधं घेऊन उभे, ते कडाडले, "शत्रू घरात आणि तुम्ही आपल्याच शिपायांचे हात बांधता? अजिबात नाही!" वहिनी रडवेली. एकदा मामांकडे बघते, एकदा मास्ककडे, आणि मग माझ्याकडे वळून, "भावजी, तुम्हीच सांगा काय करू..."

मी? मला दुकानात सुटे मागायची लाज वाटते!

कसंबसं विचारलं, "बाई, शिपाई गप्प झाले आणि दुसराच चोर शिरला तर?" म्हणाल्या, "बरोबर विचारलंत. तो धोका आहेच. प्रत्येक आजारात हे औषध चालतही नाही. पण झोपवायचं नाहीये, आवरायचंय. आम्ही डोळ्यांत तेल घालून बसू." मला ते न्हाणीघर दिसलं हो, गळती थांबलेलं आणि जमीनदोस्त झालेलं...

म्हटलं, "द्या."

मामा माझा आवाज ऐकूनच खाली बसले!

मग वाट बघणं. मी दादाच्या छातीकडे बघत बसायचो आणि मनात विचारायचो, अरे, आता तरी आत भांडतंय कोण? हळूहळू भाता मंदावला. एका सकाळी मास्क काढला तर दादा कुजबुजला, "भूक लागलीय." वहिनी इतकी रडली की परिचारिकेला वाटलं, काही वाईट झालं!

घरी आला. अंगात त्राण नाही, भिंत धरधरून चालतोय. स्वयंपाकघरात नळ टिप टिप करत होता. मी म्हटलं, "दादा, बस तू, वॉशर गेलाय, लगेच बदलतो." दादाने धरलेल्या भिंतीलाच कान लावला. डोळे बारीक केले...

"हातोडा आण."

लोक म्हणतात, स्वभावाला औषध नसतं. रक्तातल्या स्वभावाला निघालंय हो, बाईंनी दिलं, लागूही पडलं. दादाच्या स्वभावाचं तेवढं विचारायचं राहिलं... धरा, ही छिन्नी धरा जरा.