देवळाजवळून लावलेला फोन

इटलीतल्या त्या सायकल सहलीचे फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितलेत, पण सिसिलीतल्या देवळापाशी काय झालं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आमचे बाबा बनारसला शाळेत इतिहास शिकवायचे. डोंगरावरचं ते जुनं ग्रीक देऊळ ते फळ्यावर न बघता काढायचे, पण तिथं जाणं त्यांना कधी जमलं नाही. म्हणून तो चढ मी निम्मा सायकलवर आणि निम्मा सायकल ढकलत चढलो आणि धापा टाकतच घरी व्हिडिओ कॉल लावला. ताईनं फोन बाबांसमोर धरला.

"बाबा, बघा, तुमचं देऊळ!"

त्यांनी देवळाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, "आप कौन, भाईसाहब?"

आमच्या घरात हिंदी फक्त बाहेरच्यांशी बोलतात. वर्षभर बाबा एकेक नाव विसरत होते, पण माझ्याशी ते जन्मात हिंदी बोलले नव्हते.

मी कसाबसा म्हणालो, "मी बनारसचाच. पंचगंगा घाटाजवळ राहतो. सध्या इटलीत आलोय."

"अरे, तुम्ही मराठी!" त्यांचा चेहरा खुलला. "आमचं घरही तिथंच. माझा मुलगाही तिकडंच इटलीत सायकलवर फिरतोय. भेटला तर त्याला लवकर घरी ये म्हणावं. हल्ली त्याचा चेहरा मला नीट आठवत नाही."



मी म्हणालो, "सांगतो, काका."