सात नंबरचा कंदील

भाऊ : ताई, ब्रश खाली ठेव आणि आधी इकडे बघ.

ताई : एक ठिपका राहिलाय. अर्धं काम सोडून मी कुणासाठीच उठत नाही, तुला ठाऊक आहे.

भाऊ : अगं, भाव बघ! सकाळी परत चढला. दोन वर्षांपूर्वी आपण ही डिजिटल नाणी घेतली तेव्हा एका नाण्यात समोरच्या काकांचा एक पाव यायचा. आज एका नाण्यात काकांची अख्खी भट्टी रिकामी करता येईल!

ताई : आणि आपल्या चाळीस नाण्यांत?

भाऊ : हा गाळा! नुसता विसार नाही गं, गाळ्याची निम्मी किंमत. उरलेली बँक हसत हसत देईल. शनिवारी मालक आला की त्याला खुर्ची दे आणि म्हण, बसा, कागद काढा.

ताई : खरं सांगतोस? आज बुधवार. शनिवारी विसार हातात नाही पडला तर तो गाळा चष्मेवाल्याला देणार आहे. तोंडावर सांगून गेलाय. एकोणीस वर्षं या भिंतींना रंगाचे हात पुसलेत मी. इथून उठून जाऊ कुठे मी?

भाऊ : उठायचं नाही, ताई! हेच तर सांगतोय. आठवतं, घ्यायला गेलो होतो तेव्हा?

ताई : न आठवायला काय झालं? कॉफीच्या दुकानात नाणी विकणारा तो दाढीवाला पोरगा, पाकिटात आपल्या दोघांची शिल्लक, आणि मी शेजारी टर्पेंटाइनचा डबा घेऊन. त्यानं गडबड केली असती तर डोक्यावर ओतणार होते.

भाऊ : त्या बिचाऱ्यानं दोनदा विचारलं, बाई, हा वास कसला येतोय!

काका : येऊ का? रस्त्यापलीकडे ऐकू येतंय तुमचं हसणं. भट्टी सुनेवर टाकून आलोय, पाटी झाली का ते सांगा.

ताई : झाली बघा, काका. ओली आहे, हात लावू नका.

काका : वा, पेंटरबाई! ‘येथे डिजिटल नाणी चालतात.’ आख्ख्या रस्त्यावर पहिला मान माझ्या बेकरीचा. आणि हा खालचा काळ्या ठिपक्यांचा चौकोन? हा छापून आणलात ना?

ताई : छापून? काका, तोंड सांभाळा. एकेक ठिपका हातानं भरलाय. तीन दिवस लागले, मान धरली.

भाऊ : काका, हा चौकोन म्हणजे तुमच्या पाकिटाचा पत्ता. गिऱ्हाईक त्याच्यावर फोन धरणार, नाणं थेट तुमच्याकडे. पण खरं सांगू? हातानं काढलेला चौकोन फोनला वाचता येईल असं मला काही वाटत नाही.

ताई : लाव पैज.

काका : मी पाव घेऊनच आलोय. गरम आहे. घ्या विकत आणि होऊन जाऊ दे!

भाऊ : थांबा हं. फोन धरला. सरकतंय... सरकतंय... घेतला! ताई, घेतला गं! ठिपकान् ठिपका वाचला!

ताई : न वाचायला काय झालं?

भाऊ : पाठवले. काका, तुमचा फोन बघा.

काका : काही नाही अजून. काही नाही... अरे, वाजला! वाजला! आले! सूनबाई, अगं पैसे आले!

ताई : काका, ती पलीकडे आहे, तिला कसं ऐकू जाणार?

काका : जाऊ दे! चाळीस वर्षं पाव विकतोय, पण पैसे असे वाजत येताना आज पहिल्यांदा ऐकले. आता हे नाणं ठेवायचं कुठे ते सांग. गल्ल्यात तर टाकता येत नाही.

भाऊ : फोनमध्येच राहू दे. फोनमधलं पाकीट वरखर्चाचं. मोठी रक्कम झाली की मात्र फोनमध्ये नाही, कॉम्प्युटरमध्ये नाही, कशातच नाही. दिवसभर लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर उघडतो मी, त्यांचा भरवसा मला विचारा. आमचं मोठं पाकीट आहे नुसत्या बारा शब्दांत.

काका : शब्दांत?

भाऊ : पाकीट बनवताना ते आपल्याला बारा साधे शब्द देतं. ते ओळीनं टाकले की जगातल्या कुठल्याही यंत्रावर पाकीट उघडतं. ज्याच्याकडे शब्द, त्याची नाणी. तक्रार करायला ना बँक, ना साहेब. म्हणून ते शब्द ताईकडे दिले. माझ्याकडे कागद म्हणजे धुतलेल्या पँटच्या खिशात. ताई, काढ बरं तो कागद. आजच विकायला लावू.

ताई : कागद जाळला.

भाऊ : काय?

ताई : तूच म्हणालास ना, कागद भिजतो, जळतो, उंदीर खातात. असं ठेव की घर जळालं तरी राहील. मग मी पत्र्यावर उतरवले. दोन हात इनॅमल, वरून वॉर्निश. पंधरा वर्षं ढिम्म हलणार नाही.

भाऊ : ताई! तू कमाल आहेस! अगं, मोठमोठे जाणकार हेच सांगतात, धातूवर ठेवा म्हणून. आण तो पत्रा.

ताई : आणायला कशाला हवा? तुझ्या पाठीमागे तर आहे.

भाऊ : पाठीमागे खिडकी आहे.

ताई : हो, खिडकीतच.

भाऊ : ही? ही अक्षरांच्या नमुन्यांची पाटी? थांब, फिरवून बघतो. सुई, ढग, जावई, मीठ... ताई! हे आपले शब्द आहेत!

ताई : मग कोणाचे असणार?

भाऊ : रस्त्याकडे तोंड करून! आणि नंबर घालून! एक ते बारा!

ताई : नंबर नको? गिऱ्हाईक येऊन म्हणतं, मला सात नंबरच्या कंदिलासारखं अक्षर द्या. नंबर नसले तर कसं सांगणार? आणि हे काय आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. अवाक्षर काढलं नाही. तुझ्या गळ्याशपथ.

काका : जावयाचं अक्षर परवा न्हाव्यानं पसंत केलं. मलाही आवडतं. जरा फुगलेलं आहे, पण शोभतं त्याला.

भाऊ : काका, हसू नका हो! किती दिवस आहे ही इथे?

ताई : तीन आठवडे.

भाऊ : तीन आठवडे! आपली चाळीस नाणी तीन आठवडे भर रस्त्यावर उभी आहेत! ताई, तू अशी कशी... पत्रा घरात ठेवायचा, माळ्यावर टाकायचा!

ताई : माळ्यावरच होती. भिंतीकडे तोंड करून. मग एक दिवस जुनी नमुन्याची पाटी गंजली, नवी हवी होती, आणि ही काढून बघितली तर... अरे, माझ्या हातून आजवर असं काम झालं नव्हतं. बारा शब्द, बारा वळणं. आता सगळे छापील फलक मागतात, हाताचं अक्षर बघतंय कोण? वाटलं, नुसती माळ्यावर पडून काय करायची ही? चुकलं माझं. गाळ्याचं काय होईल रे आता?

भाऊ : बोलू नको, आधी बघू दे. कॉम्प्युटर लावतो. काका, खिडकीपुढे उभे राहता?

काका : हा उभा राहिलो. माझ्या पोटामागचं कुणाला काही दिसायचं नाही.

भाऊ : सुई... ढग... जावई... कंदील... आणि शेवटचा दोरी. चल बाबा, उघड.

ताई : काय म्हणतंय?

भाऊ : फिरतंय.

ताई : अजून?

भाऊ : ताई, खांदा सोड, नखं रुततायत. आलं. आलं! चाळीस! चाळीस आहेत गं!

ताई : सगळी?

भाऊ : चाळीस आणि... थांब. चाळीस आणि वर थोडं.

काका : व्याज देतात वाटतं?

भाऊ : व्याज कसलं, काका. काल दुपारी कोणीतरी आपल्या पाकिटात चिमूटभर नाणं टाकलंय. बरोबर चिठ्ठी आहे. पैसे पाठवताना चार शब्द जोडता येतात.

ताई : वाच ना मग!

भाऊ : ‘पाटी आत घ्या. अक्षर सुरेख.’

काका : कोणाची आहे?

भाऊ : नाव नसतं. पण या पाकिटाचा पत्ता मी कोणालाच दिलेला नाही, त्या दाढीवाल्याकडूनही नाणी फोनवरच्या पाकिटात घेतली होती. तो कळायला पाकीट उघडावंच लागतं.

काका : म्हणजे गडी खिडकीशी थांबला, शब्द ओळखले, पाकीट उघडलं, आतली चाळीसच्या चाळीस बघितली... आणि वर स्वतःच्या खिशातलं टाकून गेला?

भाऊ : हो.

काका : मला पाणी द्या कोणीतरी.

ताई : पुन्हा वाच.

भाऊ : ताई, वेळ नाही. त्यानं बघितलं तसं दुसरा बघेल. आधी नवं पाकीट, नवे शब्द, आणि सगळी नाणी तिकडे.

ताई : एकदा वाच रे.

भाऊ : ‘पाटी आत घ्या. अक्षर सुरेख.’ झालं समाधान? आता खिळा घे. पत्र्यावर कोर, वर रंगाचे दोन हात दे, कोणाला शंका येणार नाही. काका, शब्द सांगतोय, कान बंद करा.

काका : मी तर भट्टीकडेच निघालो. पाव करपला तर सून मला करपवेल.

ताई : थांब, सगळी नाणी काढू नकोस. एका पावाएवढं जुन्यात राहू दे.

भाऊ : कशाला?

ताई : त्याच्यासाठी. चिठ्ठी जोड. ‘पाव आमच्याकडून. समोर मिळतो.’ आणि ही पाटी परत खिडकीत लावते मी.

भाऊ : आणि दुसऱ्यानंच कोणी उचललं तर?

ताई : तर एक पाव गेला.

(शनिवार, दुपार. मालक नुकताच गेला आहे. टेबलावर विसाराची पावती, तिच्यावर रंगाचा डबा ठेवलेला.)

भाऊ : डबा उचल ना तिच्यावरचा. डाग पडेल.

ताई : उडाली बिडाली तर? राहू दे तिथेच. गाळा माझा आहे, डाग माझा आहे.

भाऊ : माझा! ऐका, काय पण तोरा!

ताई : आपला, बाबा, आपला. त्या मागच्या कोपऱ्यात तुझं दुरुस्तीचं टेबल लावू. जुळ्या पाट्या करते दाराला, बघशील.

काका : पेंटरबाई! अहो, पेंटरबाई!

ताई : काका, पावती बघायला आलात? ही बघा.

काका : ती बघतो मग. आधी हे बघा. आत्ता एक पाव गेला, नाणं तुमच्या त्या जुन्या पाकिटातून आलं. मी आत पीठ मळत होतो, यानं त्या पाकिटासाठी लावून दिलेली वेगळी घंटा वाजली, धावत बाहेर आलो तर गिऱ्हाईक गेलेलं.

भाऊ : अरेरे! सूनबाई होत्या ना पुढे? कोण होतं म्हणाल्या?

काका : शनिवारची गर्दी. तिनं पाव दिला एवढंच तिला माहीत. म्हातारं की तरणं, बाई की बुवा, काही सांगता येईना. मी रस्त्यात उभा राहून दोन्हीकडे बघितलं, वेड्यासारखं.

ताई : चिठ्ठी?

काका : आहे ना. म्हणून तर धावत आलो. चष्मा विसरलो, तूच वाच रे.

भाऊ : ‘पाव छान. सात नंबरच्या कंदिलातला दी जरा उजवीकडे झुकलाय.’ हे बघा! फुकटचा पाव खाऊन वर चुका काढतोय! ताई, ऐकलंस का? ताई? खिडकीत काय करतेस?

काका : अहो, काही झुकलेला नाही. मी रोज बघतो.

भाऊ : दहा जणांनी तेच अक्षर पसंत केलंय. बोलली का एकानं तरी? ताई, अगं, डोळे का पुसतेस?

ताई : झुकलाय रे. एकोणीस वर्षांत कोणीतरी नीट बघितलं.