झेलणाऱ्याची डावी बाजू

रोशेल: त्या खुर्चीत नको, मिस्टर टब्स, तिचा पाय निखळलाय. इकडे बसा. आणि ती वही बंद ठेवलीत तर बरं होईल.

टब्स: ही घ्या, बंद केली. पेनही खिशात टाकलं. आता बर्फ घातलेला थंड चहा मिळायला हरकत नाही ना? सकाळी आठपासून कॉलेजच्या आवारात पायपीट चाललीय माझी.

रोशेल: चहा मिळेल. उत्तरं मिळतीलच असं नाही. कॉर्डेल साडेचारला सरावावरून येतो. हे तुम्हाला ठाऊक असणार.

टब्स: ठाऊक होतं.

रोशेल: आणि आत्ता साडेतीन वाजलेत.

टब्स: म्हणूनच आलो, बाई. पोराला विचारलं की पोरगं पाठ केलेलं बोलतं. त्याच्या एजंटनं घोकून घेतलेलं असतं. कोच म्हणतात, आमच्याकडचा प्रत्येक जण देवदूत. मला बोलायचं असतं ते स्वयंपाकघरातल्या माणसांशी, मलमपट्टी करणाऱ्याशी, कपडे धुणाऱ्या बाईशी. आणि बायकोशी, असली तर.

रोशेल: म्हणजे नवरा नसताना बायकोला गाठायचं. याचा पगार मिळतो तुम्हाला?

टब्स: बत्तीस वर्षं मिळतोय. चहात साखर चांगली सढळ हातानं घातलीत हो. माझ्या आईसारखी. ही कोण, गोधडीवरची?

रोशेल: ओपल. सात महिन्यांची.

टब्स: अगं ओपल! काय बघतेस माझ्या मिशांकडे? हे बघ, खुळखुळ, खुळखुळ...

रोशेल: किल्ल्या वाजवू नका.

टब्स: अहो, खेळवतोय फक्त...

रोशेल: प्लीज. नका वाजवू.

टब्स: बरं. ठेवल्या.

रोशेल: माफ करा. मी जरा... तुम्ही विचारा काय विचारायचं ते.

टब्स: सरळच सांगतो. व्यावसायिक फुटबॉल संघासाठी पोरं हेरतो मी, आणि यंदा माझ्या वाट्याला फक्त फेकलेला चेंडू झेलणारे आलेत. सत्तावीस वाइड रिसीव्हर, सात राज्यांतले. महिन्याभरात ड्राफ्ट. संघ आळीपाळीनं पोरं उचलणार, आणि आमच्या संघाला त्यातला एक हवाय. एकच. सव्विसांचं मला पाठ झालंय. हा वेगवान आहे पण वळताना पाय घसरतो, तो उंच आहे पण कुणी अंगावर येताना दिसलं की हात आखडतो. तुमचा नवरा काही केल्या माझ्या डोक्यात बसत नाही.

रोशेल: का? त्याचे हात वाईट आहेत?

टब्स: हात? अंगठ्यापासून करंगळीपर्यंत दहा इंच भरले. मी दोनदा मोजले. चाळीस यार्ड साडेचार सेकंदांच्या आत. पाठीमागे पडणारा चेंडू असा काढतो की झाडावरचा पेरू खुडावा. हात, पाय, छाती, सगळं आहे. मी वाचून दाखवू काय लिहिलंय ते? त्यासाठी वही उघडावी लागेल.

रोशेल: उघडा.

टब्स: 'कॉर्डेल प्रूइट. अंगात हुन्नर पहिल्या पाचात. मन लागेल तेव्हाच खेळतो.'

रोशेल: मन लागेल तेव्हाच?

टब्स: मी त्याचे अकरा सामने बघितले. एकेक खेळी चार-चार वेळा. नऊ वेळा हा पोरगा उशिरा सुटलाय. बाकीचे निघाले तरी हा उभाच. किंवा सगळे डावीकडे वळले आणि हा नाकासमोर सरळ. ऐन वेळी चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकनं चाल बदललेली, आणि साहेबांच्या गावीच नाही!

रोशेल: अकरा सामन्यांत नऊ वेळा. फार झालं का ते?

टब्स: झालं नसतं. पण नऊच्या नऊ वेळा घरच्या मैदानावर. परक्या मैदानात एकदाही नाही. लुइझियानात ऐंशी हजार माणसं घसा फाडून ओरडत होती, तिथं हा सगळ्यांआधी सुटायचा. घरी, जिथं आपला संघ चेंडू खेळताना आपलेच लोक चिडीचूप बसतात, तिथं ह्याचा डुलक्या काढण्याचा कार्यक्रम. मी बत्तीस वर्षं असले बघतोय. मोठा तमाशा असला की अंगात येतं, घरच्यांपुढे कशाला घाम गाळा.

रोशेल: कॉर्डेल तसा नाही.

टब्स: बायका तसंच म्हणतात. पण मग मी गेलो संघाच्या धुलाईखोलीत, मिस अर्नेस्टीनकडे. तिचं म्हणणं, पोरगा गर्विष्ठ. सकाळी ती काउंटरमागून 'गुड मॉर्निंग, बाळा' म्हणते, आणि हा मान ताठ ठेवून पुढे जातो. एकदा नाही, रोज. माझी आई असती तर याच्या कानाखाली वाजवली असती. आपल्याकडे मिसिसिपीत म्हाताऱ्या बाईच्या गुड मॉर्निंगला उत्तर न देणारा पोरगा म्हणजे...

रोशेल: येताना की जाताना?

टब्स: काय?

रोशेल: काही नाही.

टब्स: नाही, काय विचारलंत तुम्ही?

रोशेल: काही नाही म्हटलं ना. चहा आणखी घ्या.

टब्स: येताना. सकाळी. जाताना संध्याकाळी तर काउंटरशी थांबतो म्हणे, तिच्या गुडघ्यांची चौकशी करतो, तिच्या नातवाबद्दल विचारतो. तिला उलट त्याचाच जास्त राग. सकाळी ओळख दाखवायची नाही आणि संध्याकाळी लाडीगोडी. दोन तोंडांचा माणूस, म्हणाली.

रोशेल: मिस अर्नेस्टीन असं म्हणाल्या? आमच्या लग्नात केक त्यांनी केला होता.

टब्स: म्हणून तर वाईट वाटतंय त्यांना. तुम्ही हात का चोळताय, बाई?

रोशेल: तुमचं ते लिहिलेलं... त्याचं पुढे काय होतं?

टब्स: शुक्रवारी वही वर जाते. आमच्याकडे भिंतभर फळा आहे. प्रत्येक पोराच्या नावाची पट्टी, आणि पट्टीवर ठिपका. पिवळा ठिपका म्हणजे काहीतरी दुखणं आहे, डॉक्टरांनी बघून सांगावं. काळा ठिपका म्हणजे मनाचा भरवसा नाही. काळ्याकडे कुणी बघतही नाही. निवडीची वेळ आली की मालक पट्टी ओलांडून पुढे जातो.

रोशेल: आणि तुम्ही काळा लावणार.

टब्स: लावणार. नाहीतर मला कारण द्या.

रोशेल: तुमचा एकच संघ आहे. बाकीचे एकतीस आहेत.

टब्स: आहेत. ते सगळे तेच सामने बघतात, बाई. आणि मिस अर्नेस्टीन सगळ्यांना चहा पाजते.

रोशेल: ओपल, नको ते तोंडात घालूस. दे इकडे. दे. शहाणी बाळ ती.

टब्स: मी निघतो. चहा फार छान होता.

रोशेल: बसा.

टब्स: तुम्हाला बोलायचं नसेल तर...

रोशेल: बसा म्हणते ना! मला विचार करू द्या एक मिनिट. एका मिनिटानं तुमचं काही बिघडत नाही.

टब्स: बसलो.

रोशेल: मी शिक्षिकेचं शिकले, मिस्टर टब्स. शेवटचं वर्ष राहिलंय, ही झाली म्हणून. मागच्या बाकावर बसणाऱ्या पोराला ढ म्हणण्याआधी त्याला पुढे बसवून बघा, हे आम्हाला पहिल्या वर्षात शिकवतात. तुम्हाला बत्तीस वर्षांत कुणी शिकवलं नाही?

टब्स: शिकवा की मग.

रोशेल: परक्या मैदानात सगळेच बहिरे असतात.

टब्स: कसे?

रोशेल: तुम्हीच म्हणालात, ऐंशी हजार माणसं. कुणालाच काही ऐकू येत नाही. मग क्वार्टरबॅक काय करतो? चाल बदलायची तर काय करतो?

टब्स: हातानं खुणा करतो.

रोशेल: आणि घरी, चिडीचूप असताना?

टब्स: ओरडून सांगतो.

रोशेल: ते नऊ वेळा. कॉर्डेल कुठे उभा होता?

टब्स: थांबा. चष्मा... उजव्या कडेला. उजव्या. हे उजव्या. बाई, नऊच्या नऊ वेळा उजव्या कडेला.

रोशेल: म्हणजे क्वार्टरबॅक त्याच्या कुठल्या हाताला?

टब्स: डाव्या.

रोशेल: आणि सकाळी दारातून आत शिरताना मिस अर्नेस्टीनचं काउंटर?

टब्स: डाव्या हाताला. अरे देवा. आणि जाताना उजव्या.

रोशेल: मी काही सांगितलं नाही. तुम्ही स्वतः ओळखलंत.

टब्स: किती ऐकू येतं त्याला त्या कानानं?

रोशेल: काहीच नाही. लहानपणापासून. डावीकडून बोललेलं उजव्या कानापर्यंतही धड पोचत नाही. त्याच्या वडिलांचाही तोच कान. शाळेत कोचच्या लक्षात आलं नाही, कॉलेजात आलं नाही. तो ओठ वाचतो, माणसांच्या माना कुठे वळतात ते बघतो, आणि कुणी हसलं की हसतो. मी कायम त्याच्या डाव्या बाजूनं चालते. कुणी बोललं की पाठीवर थाप देते. लोकांना वाटतं, काय प्रेम आहे!

टब्स: ते आहेच की.

रोशेल: मी आत्ताच त्याची शपथ मोडली. मला गोड बोलू नका. आता पिवळा ठिपका लागेल का, एवढं सांगा.

टब्स: पिवळा लागेल. मी लावीन. डॉक्टर काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही. मालक म्हणू शकतो, दोन कानांचे सव्वीस असताना एका कानाचा कशाला. खोटी आशा दाखवत नाही तुम्हाला.

रोशेल: दाखवू नका.

टब्स: तरी का सांगितलंत? गप्प बसला असतात, दुसऱ्या एखाद्या संघानं काळा ठिपका न लावताही उचलला असता. तसंही होतं.

रोशेल: तुम्ही मघाशी किल्ल्या वाजवल्यात.

टब्स: हो, तुम्ही खेकसलात माझ्यावर.

रोशेल: ती जन्मली तेव्हा दवाखान्यात कानांची तपासणी झाली. डाव्या कानाला यंत्रानं होकार दिला नाही. कानात पाणी असेल म्हणाले, पुन्हा या. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. आता गुरुवारी मोठी तपासणी आहे. सात महिने मी चमचे वाजवतेय, टाळ्या वाजवतेय, तिच्या मागून हाका मारतेय. एक दिवस वाटतं वळली, एक दिवस वाटतं नाही वळली. आज मला बघायचं नव्हतं. परक्या माणसासमोर तर नाहीच नाही.

टब्स: मला काय कल्पना, बाई.

रोशेल: दवाखान्याच्या कागदावर एक प्रश्न असतो. कुटुंबात कुणाला ऐकण्याचा त्रास आहे का? कॉर्डेल म्हणाला, 'नाही' लिही. कागद कुठून कुठे जातात सांगता येत नाही, ड्राफ्ट होऊ दे. आणि मी लिहिलं. डॉक्टर मला विचारत होते आणि मी...

(बाहेर गाडीचं दार धाडकन आपटतं. गोधडीवर ओपल मान उचलते.)

टब्स: लवकर आला.

रोशेल: तुम्ही काही बोलू नका. आधी मला बोलू द्या.

कॉर्डेल: रोशेल, दारात कुणाची गाडी... अरे! मिस्टर टब्स, सर! आज येणार म्हणाला नव्हतात. मी घामेजलोय सगळा, हात मिळवत नाही. सर, परवा चाळीस यार्डाला वारा समोरून होता, नाहीतर अजून...

रोशेल: कॉर्डेल.

कॉर्डेल: एक मिनिट हं. सर, मी ते वळणाचं काम केलंय. तुम्ही म्हणाला होतात ना, तिसऱ्या पावलावर कंबर खाली...

रोशेल: कॉर्डेल, मी त्यांना सांगितलं.

कॉर्डेल: काय सांगितलंस?

रोशेल: तुला कळलंय काय ते.

कॉर्डेल: नाही. नाही, रोशेल. गंमत करतेस तू.

रोशेल: ते तुला आळशी लिहून नेत होते. मिस अर्नेस्टीन तुला गर्विष्ठ म्हणतात. रोज सकाळी त्या तुला हाक मारतात, कॉर्डेल. रोज. चार वर्षं.

कॉर्डेल: म्हणू देत! आळशी म्हणू देत, गर्विष्ठ म्हणू देत! आळशी माणूस सुधारतो, सर्वांना माहीत आहे. याला काय औषध आहे? एक महिना राहिला होता. फक्त एक महिना! तू शपथ घेतली होतीस माझ्या आईसमोर.

रोशेल: घेतली होती. मोडली.

कॉर्डेल: इतकी सहज?

रोशेल: सहज? गुरुवारी पुन्हा तोच कागद येणार आहे समोर, आणि मी त्यावर 'हो' लिहिणार आहे. ऐक नीट. ओपलला ऐकू येत नसेल तर नसेल. मी तिला खुणा शिकवीन, पहिल्या बाकावर बसवीन, लागेल ते करीन. पण लोक हसले की हस, हे मी तिला शिकवणार नाही. ते तू शिकव. तुझ्यात हिंमत असेल तर बस तिच्यासमोर आणि शिकव.

कॉर्डेल: मला झेलता येतं, रोशेल. एवढी एकच गोष्ट मला सगळ्यांसारखी येते.

रोशेल: सगळ्यांसारखी नाही येत, वेड्या. सगळ्यांपेक्षा चांगली येते. वहीत लिहिलंय त्यांच्या. पहिल्या पाचात.

टब्स: पोरा, उद्या सकाळी दहाला मैदानावर ये. उजव्या कडेला उभा राहा. मी क्वार्टरबॅकला तोंड बंद ठेवून हातानं खुणा करायला सांगतो. ते नऊच्या नऊ डाव मला पुन्हा बघायचेत. आणि येताना मिस अर्नेस्टीनला भेटून ये.

कॉर्डेल: तू रडतेस कशाला आता? रडायला हवं मी.

टब्स: ऐकलं नाही का त्यानं?

रोशेल: तुम्ही त्याच्या डावीकडे उभे आहात.

टब्स: मग सांगा की तुम्ही. थाप द्या पाठीवर.

रोशेल: नाही. आज नाही.

कॉर्डेल: काय? काय म्हणाले ते? रोशेल, काय म्हणाले?

रोशेल: त्यांनाच विचार.

कॉर्डेल: सर... जरा या बाजूला येता का? त्या कानानं मला ऐकू येत नाही.