जेट विमानाचा अखेरचा सलाम

कान्हे स्थानकावर गाडीची प्रतीक्षा करीत असता, विमानदलात मिस्त्रीकाम करणारे चाँदभाई व त्यांच्या सौभाग्यवती ताजुन्निसा यांचे पुढील संभाषण माझ्या श्रवणी आले.

“आमचं जुनं जेट आज शेवटचं उडतंय. उद्यापास्नं कायमचं शेडमंदी. हितनं जाताना पंख हलवून मला सलाम करा, आसं पायलटसाहेबांना सांगितलंय.”

“वीस वर्सं त्याचे नटबोल्ट आवळले, मला एकदाबी दावलं न्हाई.”

“गाडी आली, चढ. खिडकीतनं दिसंल.”

“तुमी चढा. मी बगितल्याबिगर हलनार न्हाई.”

“आगं, सुटली की गाडी.”

“जाऊ द्या. ते बगा, आलं. अवो, पंख दोनदा हलवलं.”

“एकदा मला. दुसऱ्यांदा कुनाला?”

“मला. काल साहेबांसाठी तुमच्या डब्यातनं शिरा कुनी धाडला व्हता?”