रविवारी आलेलं पत्र

पर्डी : एकशे तीन पत्रं, मिस लेथम. तिसऱ्यांदा मोजली. डनोरीसाहेब तीस वर्षं मंत्रिमंडळात होते, पण तुमच्या वडिलांइतकं नेमानं त्यांना कुणी लिहिलं नाही. दर शुक्रवारच्या बोटीनं एक.

हेस्टर : मग एकशे चार हवीत. बाबा दोन वर्षं सेंट ऑडा बेटाचे गव्हर्नर होते. एक शुक्रवार चुकला नाही.

लेडी डनोरी : एखाद्या आठवड्याला तापबीप आला असेल त्यांना.

हेस्टर : तापात ते सांगायचे आणि मी लिहून घ्यायचे. जे नाही ते कुठलं, हेही मला ठाऊक आहे, लेडी डनोरी. फाशीच्या आधीचं.

लेडी डनोरी : पर्डी, ती खिडकी लावून घ्या, वारं येतंय. मिस लेथम, आज रविवार. या घरात रविवारी पत्र लिहीत नाहीत, वाचत नाहीत, फोडत नाहीत. मंत्री गेला की खासगी पत्रं ज्याची त्याला परत करायची, ही रीत मला मान्य आहे. पण ह्यांना जाऊन तीनच महिने झालेत. उद्या सकाळची प्रार्थना झाली की मी स्वतः शोधते. चालेल?

हेस्टर : मला चालेल, बाबांना नाही चालायचं. स्वतः इथवर यायचा त्यांचा हट्ट होता. इथून साठ मैलांवर, पर्थ गावात पोचलो आणि त्यांनी अंग टाकलं. नर्स ठेवून काल रात्रीच्या गाडीनं आलेय. डॉक्टर म्हणाले, रविवार काढला तर नशीब. चारच्या गाडीनं परत निघायचंय मला.

पर्डी : चारच्या गाडीचं म्हणाल तर, मिस—

लेडी डनोरी : थांबा हो पर्डी, गाडीचं मग. त्यांना काय हवंय, मिस लेथम? नक्की काय?

हेस्टर : एका प्रश्नाचं उत्तर. डनोरीसाहेबांनी ते पत्र वाचलं होतं का? वाचून गप्प बसले, की पत्र पोचलंच नाही? एकोणीस वर्षं रोज सकाळी दाढी करताना एवढंच विचारतात. आधी मला विचारायचे, आता आरशाला विचारतात.

लेडी डनोरी : काय होतं त्या पत्रात?

हेस्टर : तुम्हाला खरंच माहीत नाही?

लेडी डनोरी : देवाशपथ नाही. आणि ही शपथ मी सहसा घेत नाही.

हेस्टर : साखरेची गिरणी जळाली होती. अकरा ऊसतोड्यांना फाशी सुनावली. खरं तर दहाच ऊसतोडे. अकरावा एसाव, तो आमची बग्गी हाकायचा. गिरणी पेटली त्या संध्याकाळी तो मला चर्चमधून घरी आणत होता. आम्ही दोघांनी लांबून धूर पाहिला. तोच म्हणाला, मिस, आता आमची काही धडगत नाही.

लेडी डनोरी : मग तुम्ही सांगितलं नाहीत कोर्टात?

हेस्टर : मळेवाल्यांचं कोर्ट होतं ते. गव्हर्नरच्या पोरीला उन्हाचा त्रास होतो, असं लिहून घेतलं आणि लिंबूसरबत पाजून घरी पाठवलं. बाबांनी सरकारी खलित्यात लिहिलं, 'शिक्षा योग्य आहे.' आणि त्याच बोटीनं खासगी पत्रात लिहिलं, 'हे पाप आहे. माझ्यात ताकद नाही. तुम्ही वरून तार करून थांबवा.'

लेडी डनोरी : एकाच हातानं दोन्ही?

पर्डी : राज्य तसंच चालायचं, बाईसाहेब. खलिता दप्तरासाठी, पत्र माणसासाठी. खरं काय ते पत्रात.

हेस्टर : आणि फाशी?

पर्डी : फाशी खलित्याप्रमाणे.

लेडी डनोरी : अहो, पण तुमच्या वडिलांनीच का नाही तार केली?

हेस्टर : तार कारकून वाचतात. दुपारपर्यंत बेटभर झालं असतं, की गव्हर्नर कच खातोय. भित्रे होते बाबा, मी नाही म्हणत नाही. पण तारीख तीनदा पुढे ढकलली त्यांनी, बोट पोचावी म्हणून. सोमवारी पहाटेपर्यंत तारघरात बाकावर बसून होते. यंत्र नुसतं बाजारभाव खडखडत होतं.

लेडी डनोरी : सोमवारी पहाटे... म्हणजे रविवारी इथून तार गेली असती तर?

पर्डी : पोचली असती. काही तासांचं काम.

लेडी डनोरी : तुम्ही आलात तो रविवार, पर्डी?

पर्डी : तोच, बाईसाहेब. साडेआठला आलो. रविवारची टपालगाडी होती. बूट चिखलानं भरलेले, म्हणून आपण मला आत गालिच्यावर येऊ दिलं नव्हतं.

हेस्टर : म्हणजे पोचलं होतं! तुम्ही आणलंत?

पर्डी : लंडनहून रात्रभर मांडीवर धरून आणलं. वर 'खासगी' आणि त्याखाली दोन रेघा. मी सेक्रेटरी. साहेबांचे रुमालसुद्धा माझ्या यादीत असायचे. पण 'खासगी' लिहिलेलं फक्त साहेबांनी फोडायचं.  गावातलं तारघर रविवारी नऊ ते दहा उघडं असायचं. घोडा दारात धरून ठेवला होता.

हेस्टर : मग?

लेडी डनोरी : मग मी दारात आले. म्हटलं, उद्या. साहेब प्रार्थनेला बसलेत.

पर्डी : मी म्हटलं, निकडीचं दिसतंय.

लेडी डनोरी : मी म्हटलं, देवापेक्षा? पत्र घेतलं आणि माझ्या पेटीत ठेवलं. रविवारचं सगळं टपाल त्या पेटीत ठेवायचा माझा नेम. किल्ली माझ्या कमरेला. ह्यांना सांगितलंसुद्धा नाही. मन विचलित नको व्हायला म्हणून.

हेस्टर : आणि सोमवारी?

लेडी डनोरी : सोमवारी नाश्त्याला पत्र दिलं. पाठोपाठ तार आली. 'शिक्षा अमलात आणली. सर्वत्र शांतता.' ह्यांनी तार वाचली, पत्र उलटंसुलटं केलं आणि परत माझ्या हातात दिलं. म्हणाले, ठेवून दे तुझ्याच पेटीत.

हेस्टर : न फोडता?

पर्डी : वाचलं असतं तर त्यांना ठाऊक होतं असं झालं असतं, मिस. न वाचलेल्या पत्राचा जाब संसद मागत नाही.

हेस्टर : आणि वाचलेल्या खलित्याचा जाब बाबांकडून घेतला. परत बोलावलं त्यांना. रस्त्यात पोरं ओरडायची, 'फासवाला लेथम!' तुमचे साहेब एक शब्द तरी बोलले असते.

पर्डी : तेव्हा निवडणूक होती.

(लेडी डनोरी कमरेची किल्ली काढून पर्डींकडे देते. ते शेजारच्या खोलीतून एक पाकीट घेऊन येतात.)

हेस्टर : हेच. ही लाख मी वितळवली होती. घाईत अंगठा भाजला, त्याचा ठसा आहे बघा कडेला. लाख अख्खीच्या अख्खी.

लेडी डनोरी : फोडा. माझ्यासमोर वाचा. मला ऐकायला हवं.

हेस्टर : पत्र साहेबांच्या नावाचं आहे. आणि आता वाचून कुणाला सोडवायचंय?

लेडी डनोरी : त्या दिवसानंतर मी नेम आणखी कडक केला, मुली. लोक म्हणाले, केवढी भक्ती! भक्ती कसली. पत्रात काय होतं ते माहीत नव्हतं, पण ह्यांचा चेहरा पाहिला होता. नेम सोडला असता तर कबूल करावं लागलं असतं, की त्या दिवशीही सोडता आला असता.

हेस्टर : बाबांना काय सांगू? पोचलं एवढंच सांगितलं तर म्हणतील, वाचून गप्प बसला. फोडलंच नाही म्हटलं तर विचारतील, का? मग मी काय म्हणू? त्या घरात रविवार होता?

लेडी डनोरी : तू नको सांगूस. पर्डी, माझा काळा कोट आणायला सांगा. मी येते हिच्याबरोबर पर्थला. माझ्या तोंडानं सांगते त्यांना, तुमच्या मित्रानं तुम्हाला टाकलं नव्हतं, दारात मी आडवी आले होते. एवढं तरी ऐकून जाऊ देत.

हेस्टर : आणि तुमचा रविवार?

लेडी डनोरी : राहू दे. चारची गाडी म्हणालीस ना?

पर्डी : बाईसाहेब, मघापासून तेच सांगतोय. रविवारी गाडी नाही.

हेस्टर : आहे! माझ्या वेळापत्रकात छापलंय, चार वाजता.

पर्डी : वडिलांचं जुनं असेल ते. मी ते पत्र घेऊन आलो त्याच्या पुढच्या वर्षी रविवारच्या गाड्या बंद झाल्या.

हेस्टर : कुणी केल्या?

लेडी डनोरी : मी. गावभर हिंडून अर्जावर सह्या घेतल्या. पुन्हा कुणी रविवारी पत्र घेऊन माझ्या दारात उभं राहू नये म्हणून.

हेस्टर : मग तार करते. नर्स वाचून दाखवेल.

पर्डी : तारघरही त्याच अर्जात होतं, मिस.

हेस्टर : घोडे तरी?

पर्डी : घाटातून साठ मैल, वाटेत बदली घोडे नाहीत, रात्री मुक्काम करावाच लागेल. त्याआधी उद्या सकाळची सहा-चाळीसची गाडी पोचेल.

लेडी डनोरी : बस, मुली. चहा घे जरा. गार आहे, रविवारी चूल पेटवत नाही आम्ही. कालचाच आहे.

हेस्टर : किती वाजले?

पर्डी : दोनला दहा कमी. रविवार अजून बराच आहे.