जावयाची गाडी आणि माझे डोळे

अहो, बघायचं तरी कुठे माणसाने, मला सांगा! समोर काच, काचेपलीकडे रस्ता, आणि रस्त्याकडे बघावं तर तिथे गाण्यांची यादी! तुम्हाला सांगतो, जावयाने नवी गाडी घेतली, तिच्या पुढच्या काचेवरच सगळं उमटतं, नकाशा, फोन, गाणी, सगळं आरपार दिसणारं, आणि बटण म्हणाल तर एक नाही! जावई म्हणाला, "बाबा, नुसतं बघायचं. ज्या चित्राकडे बघाल ते उघडतं. आत कॅमेरा आहे, तो डोळे ओळखतो." नुसतं बघायचं! अहो, मी जन्मभर बस चालवली, ड्रायव्हरची नजर कधी एका जागी ठरते का? डावा आरसा, उजवा आरसा, मधेच घुसणारा सायकलवाला...

बरं, जावई गेला कामाला परगावी, आणि नेमक्या त्याच सकाळी लेकीला कळा सुरू! ॲम्ब्युलन्सवाला म्हणतो, "अर्धा तास लागेल." बायको म्हणते, "तोवर बाळ रांगायला लागेल, काढा गाडी!" काढली. मागे लेक आणि बायको, पुढे मी आणि ती काच.

गल्लीच्या तोंडाशी डावीकडे बघितलं, हवामान उघडलं. उजवीकडे बघितलं, गाणं लागलं, तेही पत्रे बडवल्यासारखं! लेक कळवळली म्हणून आरशात बघितलं, तर गाडी गोड आवाजात, "कृपया समोर पाहा." बायको कडू आवाजात, "अहो, समोर बघा!" समोर बघितलं... फोन लागला! कुणाला? जावयाच्या साहेबांना!

"हॅलो, बोला."

काय बोलू? मागून लेक, "आई गं!" साहेब म्हणतात, "कोण आई?" सांगितलं सगळं. माणूस भला हो, म्हणाला, "घाबरू नका, माझीही हीच गाडी आहे. वरच्या कोपऱ्यातल्या फुलीकडे बघा आणि क्षणभर डोळे मिटा, सगळं बंद होईल." मी मिटणार, तेवढ्यात बायको किंचाळली, "डोळे काय मिटताय, ट्रक आहे समोर!"

होता की! नकाशाच्या मागे लपलेला अख्खा ट्रक! कचकन ब्रेक मारला. नुसतं बघायचं म्हणे!

आणि मागून लेक हळूच म्हणाली, "बाबा, मला भीती वाटतेय." तुम्हाला सांगतो, ही पोरगी लहानपणी माझ्या बसमध्ये बसली की म्हणायची, अजून जोरात, बाबा! ती आज म्हणते भीती वाटतेय. "मी आहे ना," म्हटलं... पण आवाज माझाच कापत होता.

तेवढ्यात बायकोने दवाखान्याच्या पिशवीतून जखमेला लावायची चिकटपट्टी काढली, दोन सीटच्या मधून पुढे वाकली आणि फट्‌दिशी त्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावर चिकटवली. गाणं थांबलं, साहेब गेले, काच स्वच्छ! रस्ता... अहो, नुसता रस्ता! डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

वेळेत पोचलो. नात झाली, दोघी ठणठणीत.

आता जावई म्हणतो, "बाबा, बाळाला घरी आणायला तुम्हीच चला, तुमचे डोळे आता गाडीला पाठ झालेत." नाही म्हणणार होतो हो! पण दार उघडून पट्टी काढली, तर गाडी म्हणाली, "या बाबा, तुमचीच वाट पाहत होते." लग्नाला इतकी वर्षं झाली, घराच्या दारात हे वाक्य कधी ऐकलेलं नाही मी... बसलो, काय करता!